पहिली गोळी मोजत नाहीत

"आतोबा, सायकलींच्या कुलपाची किल्ली कुठे आहे?"

भोंग्याने तिसऱ्यांदा विचारलं. तेही स्वतःच्या नेहमीच्या आवाजात! तो बोलला की शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून बसायचं. म्हणून तर अकराव्या वर्षीच त्याचं नाव भोंगा पडलं होतं. तरीही समोर बसून पाव खाणाऱ्या आतोबांनी मान वर केली आणि विचारलं, "काय?"

"उजव्या बाजूला जाऊन विचार," मोजपट्टी कंटाळून म्हणाली. "बाबाच्या डाव्या कानाला काही सांगणं म्हणजे कपाटाला सांगणं."

मोजपट्टी ही आतोबांची मुलगी. वय बारा. खिशात दोन मीटरची गुंडाळपट्टी, दुसऱ्या खिशात वही. दिसेल ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हा तिचा उद्योग. भोंगा आणि त्याची चौदा वर्षांची ताई सुट्टीसाठी आत्याकडे आले होते. बेत पक्का होता. सोमवारी सकाळी नऊला निघायचं, नऊ किलोमीटर सायकली हाणायच्या, तळ्यावर तंबू ठोकायचा आणि तीन दिवस पोहायचं. आतोबा बरोबर येणार होते.

किल्ली सापडायला वीस मिनिटं लागली. ती आतोबांच्याच खिशात होती! आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं.

आत्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग टेबलावर आपटलं.

"शेहेचाळीस! शेहेचाळीस हे काय वय झालं?"

आतोबा रायफल नेमबाजीच्या रेंजवर कामाला होते. अकरा वर्षं ते नेमबाजांच्या रांगेशेजारी उभे राहून हुकूम देत होते. 'भरा', 'मारा', 'थांबा'. कोणाची रायफल अडकली आणि तो 'अडलं' म्हणून ओरडला की सगळी रांग त्याच क्षणी थांबवायची. अकरा वर्षांत रेंजवर कोणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

पत्रात लिहिलं होतं की कानांच्या तपासणीत मास्तरांना कमी ऐकू येतं असं आढळलं आहे. हा दोष वयाचा असून रेंजवरच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही, असं त्यांनी सहीनिशी मान्य करावं. शनिवारपासून त्यांनी गोदामात रुजू व्हावं.

"सही करू नका, आतोबा!" ताई म्हणाली. उजव्या बाजूने.

"नाही केली तरी गोदाम, केली तरी गोदाम," आतोबा म्हणाले. "केली तर फक्त एक पुष्पगुच्छ जास्त मिळेल."

"आणि तळं?" भोंग्याने विचारलं. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने न सांगता सायकली परत कुलपात घातल्या.

"पण बाबा," मोजपट्टी म्हणाली, "मागच्या सुट्टीत मी जिन्यावरून कुजबुजले तरी तुला कळायचं. मग एका वर्षात असं काय झालं?"

"वर्षात नाही, पाच महिन्यांत," आत्या म्हणाली. "रायफलींना सायलेन्सर लावले तेव्हापासून."

"सायलेन्सर लावल्यावर कान गेले?" भोंगा ओरडला. "उलटंच की!"

"तेच तर कोणी ऐकून घेत नाही!" आत्या म्हणाली.

*

मंगळवारी तिघं रेंजवर गेली. मुलांना आत गोळीबाराच्या जागी प्रवेश नव्हता. जाड दुहेरी काचेमागच्या खोलीत बसून बघायची मुभा होती. समोर पाच जागा, प्रत्येक जागेवर एक नेमबाज आणि प्रत्येक रायफलीच्या नळीच्या टोकाला काळी, लांबट, डब्यासारखी वस्तू. तोच सायलेन्सर. आतोबा रांगेच्या उजव्या टोकाला उभे होते. बंदुका त्यांच्या डाव्या हाताला.

"बाबाच्या कानावर झाकणं नाहीत," मोजपट्टी म्हणाली. "पूर्वी मोठी लाल झाकणं असायची."

झाकणांचं काय झालं, ते भिंतीवरच्या नियमांच्या फलकावर होतं. नियम क्रमांक सात: 'सायलेन्सर असल्याने कानांवरील मोठी झाकणं वापरू नयेत. हुकूम ऐकू येत नाहीत.' नेमबाजांना कानात घालायला स्पंजचे बोळे तरी होते. मास्तरांना पाचही जणांची हाक ऐकायची असल्यामुळे तेही नव्हते.

तासभर तिघं बघत बसली. प्रत्येक नेमबाजाला सहा गोळ्या. त्या झाल्या की दुसऱ्याची पाळी. भोंगा जांभया देऊ लागला, पण ताई एकदम काचेला नाक लावून उभी राहिली.

"आतोबांचा खांदा बघा. आत्ता... आत्ता! उडाला!"

"आवाज झाला की सगळ्यांचाच उडतो," भोंगा म्हणाला.

"नाही. बघ नीट. पहिल्या गोळीला उडाला. आता दुसरी... काही नाही. तिसरी... काही नाही."

मोजपट्टीने वही काढली. दुपारच्या सुट्टीपर्यंत वीस पाळ्या झाल्या. आतोबांचा खांदा एकवीस वेळा उडाला. वीस वेळा पाळीतल्या पहिल्या गोळीला. एकदा माशी बसली म्हणून.

"तीच रायफल, तीच काडतुसं, तोच सायलेन्सर," ताई म्हणाली. "मग पहिलीच गोळी का चावते?"

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आतोबांनाच विचारलं. "मला तर सगळ्या सारख्याच वाटतात," ते म्हणाले. आपला खांदा उडतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

भोंग्याने मग शक्कल लढवली. ताईच्या फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप होतं. त्याने आतोबांना गळ घालून फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायला लावला. संध्याकाळी तिघांनी आकडे बघितले. पहिली गोळी, सत्त्याण्णव. दुसरी, सत्त्याण्णव. सहावी, सत्त्याण्णव.

"बोंबला!" भोंगा म्हणाला. "सगळ्या सारख्याच."

"म्हणजे खांदा खोटं बोलतो?" मोजपट्टीने वही मिटली. ती चिडली की वही फार मोठ्याने मिटायची.

*

बुधवारी तिघं रेंजच्या मागच्या कार्यशाळेत गेली. तिथे रायफली दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका बसायचे. त्यांच्याशी बोलायला कोणी जात नसे, कारण ते प्रत्येक प्रश्नाला उसासा सोडायचे.

"मिस्त्रीकाका, सायलेन्सर आवाज कसा खातो?" ताईने विचारलं.

मिस्त्रींनी उसासा सोडला. "खात नाही. कोण सांगतं हे तुम्हाला? सोड्याची बाटली हलवून झाकण एकदम उघडलं तर काय होतं?"

"फाट्ट! आणि शर्ट ओला!" भोंगा म्हणाला.

"आणि झाकण जरा जरा सैल केलं तर?"

"नुसतं सूं... होतं."

"झालं तर. काडतुसातली दारू जळते, तिचा तापलेला वायू गोळीमागून नळीतून सुटतो. प्रचंड दाबाने. बाहेर आल्या आल्या एकदम फुगतो, तोच तो धडाका." त्यांनी फडताळातून एक जुना, उभा कापलेला सायलेन्सर काढला. आत एकामागे एक पडदे होते आणि पडद्यांमधे छोटे कप्पे. "गोळी मधल्या भोकातून सरळ जाते. वायू मात्र या कप्प्याकप्प्यांत अडकतो, फुगतो, निवतो आणि सावकाश बाहेर पडतो. धडाक्याची धार जाते. पण आवाज राहतोच! गोळी हवेतल्या आवाजापेक्षा वेगाने पळते, तिचा वाटेतला कडाका वेगळा. त्याला हा डबा हातही लावू शकत नाही."

"मग प्रत्येक वेळी तेवढाच आवाज कमी होतो का?"

"छे! नळी आखूड असली तर वायू जास्त जोरात येतो. काडतूस बदललं, आकडा बदलला. यंत्र कुठे ठेवलंय त्यावर आकडा बदलतो. आणि पहिली गोळी तर नेहमीच जास्त वाजते."

तिघं एकदम ओरडली, "काय?"

"एवढं काय त्यात?" मिस्त्री दचकले. "डबा रिकामा असतो तेव्हा आत साधी हवा असते. ताजी. तापलेल्या वायूत थोडं जळायचं शिल्लक राहिलेलं असतं, त्याला ती हवा मिळते आणि ते डब्यातच भडकतं. दुसऱ्या गोळीच्या वेळी आत धूर भरलेला. जळायला हवाच नाही. म्हणून शांत. हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" ताईला राग आवरेना.

"मला कोणी विचारलं?" मिस्त्रींनी आणखी मोठा उसासा सोडला. "पाच महिने झाले, प्रत्येक पाळीनंतर डबा काढतो, दाबाच्या हवेने फुंकून साफ करतो, परत लावतो. नियम क्रमांक नऊ. कोणी विचारत नाही की बाबा, तुझे हात तरी दुखतात का?"

मोजपट्टीच्या हातातली पेन्सिल थांबली. "म्हणजे प्रत्येक पाळीला तुम्ही आत ताजी हवा भरता."

मिस्त्रींनी कापलेल्या डब्याकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"पण फोन का सारखेच आकडे देतो?" भोंग्याने विचारलं.

"गोळीचा आवाज डोळ्याची पापणी हलायच्या आत येऊन जातो. तुझा फोन गप्पा ऐकायला बनवलाय. इतक्या मोठ्या आवाजाला त्याचा कान एका आकड्यावर बंदच होतो. रेंजवर आवाज मोजायला बाहेरून एक मॅडम येतात, त्या मोजणीच्या मॅडमचं यंत्र वेगळं असतं."

"मग त्या यंत्राला पहिली गोळी दिसली कशी नाही?" मोजपट्टी म्हणाली आणि धावत सुटली.

कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर मोजणीचा अहवाल चौकटीत लावला होता. सगळ्यात मोठा आकडा, एकशे चौतीस डेसिबल. धोक्याची रेषा, एकशे चाळीस. येता-जाता शंभर जणांनी तो वाचला असेल. मोजपट्टीने डावीकडचा पहिला रकाना वाचला. दोन, तीन, चार, पाच, सहा.

"एक कुठे आहे?"

*

रेंजच्या व्यवस्थापकसाहेबांनी त्यांना गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ दिली आणि पावणेबाराला आत बोलावलं.

"पहिली गोळी मोजत नाहीत," ते म्हणाले. "नेमबाजीचा रिवाजच आहे तो. पहिली गोळी अंदाज घ्यायची. गुण दुसरीपासून. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"गुणांचं ठीक आहे, साहेब," ताई शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "पण आवाजाच्या मोजणीतही पहिली सोडली?"

"मोजणीच्या मॅडमना आम्हीच तसं सांगितलं. रेंजवर एकच पद्धत असावी."

"पण आतोबांचा कान पहिली गोळी सोडत नाही ना!" भोंगा म्हणाला. खिडकीची काच थरथरली.

"हळू बोल! हे बघा, कागदावर एकशे चौतीस आहे. कागद खोटं बोलत नाही. उद्या पुढची मोजणी आहे, तीही होऊन जाईल, नेहमीच्या पद्धतीने. तुम्ही सुट्टीतली मुलं. पोहायला जा."

"आम्ही तेच करणार होतो!" भोंग्याचा आवाज आणखी चढला आणि ताईने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं.

बाहेर बाकावर तिघं बसली. वहीत सगळं होतं. वीस पाळ्या, वीस खांदे, मिस्त्रींचं सांगणं, गायब झालेला एक. आणि उपयोग शून्य. मोजणीच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, लिहून पाठवा, आठ दिवसांत बघू. शनिवार उजाडायला दोन दिवस होते. आठ नव्हते.

"मोठी माणसं ऐकतच नाहीत," भोंगा म्हणाला. "कान चांगले असलेली तर मुळीच नाही."

मोजपट्टी बाकासमोर लावलेल्या तशाच फलकावर नियम क्रमांक नऊ वाचत होती. तिने तो दोनदा वाचला. मग मोठ्याने वाचला. "'नेमबाज बदलताच सायलेन्सर उतरवून हवेने साफ करावा. अपवाद नाही.' ताई, अपवाद नाही! पाळी संपली की असं नाही लिहिलेलं. नेमबाज बदलला की!"

ताई हळूहळू हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"मग नेमबाजच बदलायला हवा," ती म्हणाली. "योग्य वेळी. चला, पदकवालीकडे."

*

पदकवाली ही रेंजवरची सगळ्यात तरबेज नेमबाज. तिने पहिली रायफल हातात घेतली तेव्हा तिला उभं कसं राहायचं हे मास्तरांनी शिकवलं होतं. मोजणीच्या दिवशी गोळ्या तीच झाडायची. मुलांचं सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "मास्तर गोदामात? माझा धाकटा भाऊही उद्या सरावाला आहे. त्याला सांगते."

शुक्रवारी अकराला मोजणीच्या मॅडम आल्या. त्यांनी तिपाईवर यंत्र लावलं, मास्तर उभे राहतात तिथे, कानाच्या उंचीवर. मग पेटीतून मोठी झाकणं काढली, एक जोडी स्वतः घातली आणि बाकीच्या जोड्या आतल्या सगळ्यांना वाटल्या.

"बघा!" काचेमागे भोंगा किंचाळला. "मोजणीच्या दिवशी सगळ्यांना झाकणं! रोज उभं राहणाऱ्याला काही नाही!"

आतलं बोलणं खोलीतल्या छोट्या स्पीकरवर ऐकू येत होतं. "पहिली अंदाजाची," व्यवस्थापकसाहेब म्हणाले. "यंत्र बंद ठेवा."

पदकवालीने गोळी झाडली. मॅडमनी यंत्र सुरू केलं. पदकवालीने रायफल शांतपणे खाली ठेवली आणि ती उठली.

"माझा खांदा भरून आला. पुढच्या गोळ्या भाऊ झाडेल."

"आत्ता?" साहेब म्हणाले. "बरं, झाडू दे. लवकर."

"थांबा!" हा आवाज मिस्त्रींचा होता. ते जाड हातमोजे घालून आले आणि फलकाकडे बोट दाखवून उभे राहिले. "नेमबाज बदलला. नियम क्रमांक नऊ. अपवाद नाही. सही तुमचीच आहे खाली."

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. सही त्यांचीच होती. मोजणीच्या मॅडमसमोर स्वतःचा नियम मोडायचा कसा? त्यांनी हात हलवून होकार दिला. मिस्त्रींनी सायलेन्सर उतरवला, पाच महिन्यांत जितका मन लावून फुंकला नसेल तितका मन लावून फुंकला आणि परत लावला.

आतोबांनी हुकूम दिला. "मारा!"

यंत्रावर लाल दिवा लागला.

"दुसरी गोळी," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. "एकशे एक्केचाळीस?"

"यंत्र बिघडलं असेल," साहेब म्हणाले.

"माझं यंत्र सकाळीच तपासून आणलंय. पुढची."

तिसरी गोळी. एकशे चौतीस. चौथी, एकशे तेहेतीस. काचेमागे मोजपट्टी भराभर आकडे वहीत उतरवत होती. आता पदकवाली पुन्हा पुढे आली. "खांदा बरा झाला. पाचवी माझी."

मिस्त्री हातमोजे चढवून तयारच होते. "नेमबाज बदलला!"

पाचवी गोळी. लाल दिवा. एकशे एक्केचाळीस!

मॅडमनी झाकणं काढली. "हा काय प्रकार आहे? आकडे असे उड्या का मारताहेत? कोणी सांगेल का मला?"

"आम्ही सांगतो!" भोंगा ओरडला आणि यावेळी जाड दुहेरी काचेतूनही तो सगळ्यांना ऐकू गेला.

रायफली रिकाम्या करून ठेवल्यावर दार उघडलं. मोजपट्टीने वही मॅडमच्या हातात दिली. ती चाचरली नाही. डब्यातली ताजी हवा, पहिल्या गोळीचा भडका, प्रत्येक पाळीला साफसफाई आणि अहवालात नसलेला एक, सगळं तिने क्रमाने सांगितलं. "सकाळच्या वीस पाळ्या, दुपारच्या वीस. दिवसाला चाळीस पहिल्या गोळ्या. माझ्या बाबाच्या डाव्या कानाशेजारी. आणि त्या कुठेच मोजलेल्या नाहीत."

"सात आकड्यांचाच तर फरक आहे," साहेब पुटपुटले.

"सहा वाढले की आवाजाचा दाब दुप्पट होतो," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "आणि एकशे चौतीसलाही कान उघडे ठेवायचे नसतात. झाकणं कोणी काढून घेतली? आणि पहिली गोळी मोजू नका असं तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं. ही माझीही चूक आहे. मागचा अहवाल मी रद्द करते. आज, आत्ता."

त्यांनी कार्यालयाबाहेरच्या चौकटीतला कागद काढून घेतला. मग वहीची पानं उलटून बघितली. "माझ्या कार्यालयातल्या नोंदीसुद्धा इतक्या नीट नसतात. ही माशी कुठली?"

"एकदा माशी बसली होती," मोजपट्टी म्हणाली. "खरं ते लिहायचं."

*

शनिवारी आतोबा गोदामात गेले नाहीत. ते कानांच्या डॉक्टरकडे गेले. गेलेलं ऐकू येणं परत येईल असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण इथून पुढचं वाचलं. आत्या घरी येऊन बराच वेळ भांडी आदळत राहिली. त्या डब्यावर, रेंजवर, साहेबांवर, सगळ्यांवरचा राग ती भांड्यांवर काढत होती. कोणी तिला अडवलं नाही.

सोमवारी लाल झाकणं परत आली. यावेळी आत छोटा स्पीकर असलेली, म्हणजे हुकूमही ऐकू यावेत. नियम क्रमांक सात पुसला गेला. मिस्त्रीकाकांनी तिघांना कापलेला सायलेन्सर पुन्हा दाखवला आणि न विचारता आणखी अर्धा तास माहिती दिली. मधे त्यांनी एकदाही उसासा सोडला नाही. पदकवालीने तिघांच्या पाठी थोपटल्या. "माझ्या सगळ्या पदकांपेक्षा हा नेम भारी लागला," ती म्हणाली.

आणि मग व्यवस्थापकसाहेब आले. सगळ्यांसमोर ते आतोबांच्या जवळ गेले, त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि बुटांकडे बघत अगदी हळू म्हणाले, "मास्तर, चूक माझी होती. मुलं हुशार आहेत तुमची."

आतोबांनी कानामागे हात धरला. "काय?"

साहेबांनी घसा साफ केला. "चूक माझी होती."

"जरा मोठ्याने, साहेब. कान गेलेत ना माझे."

"चूक माझी होती!" साहेब ओरडले. पाचही जागांवरच्या नेमबाजांनी मागे वळून पाहिलं. भोंग्याने कौतुकाने मान डोलावली.

बाहेर आल्यावर मोजपट्टी सायकलीचं कुलूप काढता काढता थांबली. "बाबा, साहेब तुझ्या उजव्या बाजूला उभे होते."

"हो का?" आतोबा म्हणाले आणि तळ्याच्या दिशेने सायकल दामटत निघाले.